यहूदी नसलेल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांना मोशेचं नियमशास्त्र पाळावं लागायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की विचारणाऱ्यांच्या प्रार्थनागटात एक भाऊ ठासून सांगतात, सुरुवातीचे सगळे ख्रिस्ती शनिवारचा शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळायचे, डुकराचं मांस खायचे नाहीत आणि हे सगळं पुढे रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनने बदललं. दुसरे एक जण म्हणतात प्रेषित पौलाने नियमशास्त्र रद्दच केलं, विषय संपला. मग खरं काय?

मी बरीच वर्षं नवा करार शिकवतोय, सेमिनरीत पण आणि साध्या मंडळ्यांमधे पण, आणि हा प्रश्न फिरून फिरून येतोच. सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, पूर्ण नियमशास्त्र पाळावं लागत नव्हतं, सुंता करावी लागत नव्हती, आणि हा निर्णय साधारण इ.स. ४८ ते ५० च्या दरम्यान यरुशलेमात झाला, म्हणजे कॉन्स्टंटाईन जन्माला यायच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी. पण "काहीच पाळावं लागत नव्हतं" हेही चूक, आणि "पौलाने रद्द केलं" हे तर मला जास्तच खटकतं, कारण नियमशास्त्र चांगलं की वाईट यावर भांडण नव्हतंच मुळी. भांडण होतं ते ग्रीक माणूस ग्रीक राहून आत येऊ शकतो का, की आधी त्याने यहूदी व्हायला हवं, आणि त्याच्याही पुढचं म्हणजे तो आत आल्यावर त्याच्या पंगतीला बसायचं का. पंगत हा शब्द लक्षात ठेवा, सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे.

आता सुंतेवरून एवढा गदारोळ का, हे आपल्याला पटकन कळत नाही. उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायात अब्राहामाला आज्ञा आहे, मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता, घरातल्या दासांचीसुद्धा, आणि जो करणार नाही तो आपल्या लोकांतून तोडला जाईल. त्यात इ.स.पू. १६७ च्या सुमारास अंत्युख चौथा या सेल्युकिड राजाने सुंतेवर बंदी आणली होती आणि ज्या आयांनी तरीही मुलांची सुंता केली त्यांना मारून टाकलं, ती तान्ही बाळं त्यांच्या गळ्यात लटकावली, असं मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात लिहिलंय (प्रोटेस्टंट बायबलमधे ते नसतं, कॅथलिक बायबलमधे बघा). तर ज्या गोष्टीसाठी आपल्या पूर्वजांनी जीव दिला ती गोष्ट आता कुणीतरी उठून "लागत नाही हो" म्हणतोय, तर पोटात गोळा येणारच. परूशी गटातले (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी गट) जे विश्वासणारे सुंतेसाठी अडून बसले त्यांना आपण संडे स्कूलमधे व्हिलन करून टाकतो, ते मला पटत नाही. त्यांच्या हातात लिखित आज्ञा होती, समोरच्यांच्या हातात फक्त अनुभव होता.

दुसऱ्या बाजूला ग्रीक-रोमन पुरुषाला सुंता म्हणजे शरीराची विटंबना वाटायची. त्यांची व्यायामशाळा, त्यांची स्नानगृहं, सगळीकडे उघड्या अंगाने वावर, म्हणजे लपवायची सोय नाही. आणि मोठ्या वयात, भूल वगैरे काही नसताना ही शस्त्रक्रिया, जखम चिघळली तर जिवावर बेतणार.

पण गंमत अशी की हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनी शोधून काढलेला नाही, यहूदी समाजात तो आधीपासून होता. सभास्थानांत असे बरेच परराष्ट्रीय (यहूदी नसलेले लोक) यायचे जे इस्राएलाच्या देवाला मानायचे, दानधर्म करायचे, काही शब्बाथही पाळायचे, पण सुंता करून पूर्ण यहूदी होत नव्हते. प्रेषितांच्या कृत्यांत त्यांना देवाचे भय बाळगणारे म्हटलंय, आणि कैसरीयाचा शताधिपती (रोमी सैन्यातला अधिकारी) कर्नेल्य त्यातलाच. जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहूदी इतिहासकाराने सांगितलेला इझाटीसचा किस्सा तर मी दर वेळी सांगतो. हा अदियाबेनेचा राजा, आजच्या उत्तर इराकचा भाग. अनन्या नावाच्या एका यहूदी व्यापाऱ्याच्या शिकवणीने तो यहूदी धर्माकडे वळला, आणि म्हणाला आता सुंता करून घेतो. आई हेलेना घाबरली, ती स्वतः यहूदी धर्म मानत होती तरी, की प्रजा असा राजा सहन करणार नाही. अनन्याही म्हणाला की सुंतेशिवायही तू देवाची भक्ती करू शकतोस, देव तुझी अडचण समजून घेईल. राजा गप्प बसला. मग गालीलातून एलाजार नावाचा एक कडक माणूस आला, राजा मोशेचं नियमशास्त्र वाचत बसलेला त्याने बघितला आणि सुनावलं की नुसतं वाचतोस काय, त्यात लिहिलंय ते कर की. राजाने वैद्याला बोलावून सुंता उरकून घेतली. आता बघा, अनन्या यहूदी, एलाजार यहूदी, दोघांची मतं उलटी, आणि काळ साधारण येशूचा शिष्य पेत्र आणि पौल यांचाच. म्हणजे "यहूदी धर्म कडक आणि ख्रिस्ती धर्म सैल" असली वाटणी करून हा वाद वाचलात तर सुरुवातीलाच फाटा चुकला.

येशूने यावर काय सांगितलं, हे लोक विचारतातच. मत्तय ५ मधे "नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही" हे आहे, मार्क ७ मधे "त्याने सर्व अन्नपदार्थ शुद्ध ठरवले" अशी लेखकाची टिप्पणी आहे, आणि मत्तयाने हाच प्रसंग १५ व्या अध्यायात सांगताना ती टिप्पणी घेतलेली नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. या वादाचं जे काही आपल्यापर्यंत पोचलंय, प्रेषितांची कृत्ये असो की पौलाचं गलतीकरांस पत्र, त्यात एकही बाजू "प्रभूने स्वतः असं सांगितलंय" म्हणून परराष्ट्रीयांच्या सुंतेवर येशूचं वचन काढत नाही. असतं तर काढलंच असतं ना, हातातला हुकमाचा पत्ता कोण खिशात ठेवतो. म्हणजे येशूच्या हयातीत हा प्रश्न या रूपात उभाच राहिला नव्हता, नंतर लोक आत यायला लागले तेव्हा तो उपटला.

आणि तो कसा उपटला तेही बघा. कृत्ये १० मधे पेत्र यापोला कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी असतो, त्याला तो चादरीत उतरलेल्या प्राण्यांचा दृष्टांत होतो, मग तो कर्नेल्याकडे जातो, बोलणं पुरं व्हायच्या आतच त्या लोकांवर पवित्र आत्मा उतरतो आणि मग बाप्तिस्मा. आधी घटना घडली, थिऑलॉजी मागून धावत आली. पेत्र यरुशलेमात परत आल्यावर त्याला जाब विचारतात, तो काय म्हणून? बाप्तिस्मा का दिलास असं कुणी विचारत नाही! कृत्ये ११:३ उघडा, आरोप असा आहे की तू सुंता न झालेल्यांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास. पंगत.

पुढचं अंत्युखियात घडलं, सीरियातलं मोठं शहर, आज तुर्कस्तानातलं अंताक्या. तिथे यहूदी आणि ग्रीक विश्वासणारे एकत्र जमायचे, एकत्र जेवायचे, आणि तिथेच शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा पडलं. तिथे यहूदियातून काही जण आले आणि सुंता नाही तर तारण नाही असं शिकवायला लागले. पौल आणि बर्णबा यरुशलेमला गेले, सोबत तीत नावाचा ग्रीक तरुण होता, जणू चालताबोलता टेस्ट केस, आणि पौल गलतीकरांस २ मधे ठासून सांगतो की तीतावर सुंतेची सक्ती झाली नाही. याकोब, केफा (म्हणजे पेत्रच) आणि योहान यांनी सहभागितेचा उजवा हात दिला, फक्त गरिबांची आठवण ठेवा म्हणाले. कृत्ये १५ मधे तीच बैठक (बहुतेक अभ्यासक तीच मानतात, काही जण गलतीकरांतली भेट आधीची धरतात) जरा वेगळ्या रंगात आहे. पेत्र म्हणतो नियमशास्त्राचं जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही झेपलं नाही ते यांच्या मानेवर कशाला, आणि शेवटी याकोब निकाल देतो. यरुशलेमच्या मंडळीत शेवटचा शब्द पेत्राचा नाही, प्रभूचा भाऊ याकोबाचा, हे आपल्याकडे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

निकाल असा की सुंता नको, पण चार गोष्टींपासून दूर राहा, म्हणजे मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म. हे पत्र अंत्युखिया, सीरिया आणि किलिकिया इथल्या परराष्ट्रीय बांधवांना पाठवलं. या चारच का? लेवीय १७ आणि १८ वाचा, तिथे इस्राएलात राहणाऱ्या परक्या माणसानेही काय पाळायचं ते आहे, मूर्तींना बळी नको, रक्त खायचं नाही, मेलेलं-फाडलेलं नको, आणि मग नातेसंबंधांतल्या अशुद्धतेची लांब यादी. जवळजवळ तोच साचा. काही जण नोहाच्या सात आज्ञांशी (यहूदी परंपरेनुसार सगळ्या मानवजातीसाठीच्या) जोडतात, रक्ताचा मुद्दा उत्पत्ती ९ मधे आहे हे खरं, पण ती सात आज्ञांची यादी लिखित स्वरूपात नंतरची आहे, म्हणून मला लेवीयवालं स्पष्टीकरण जास्त पटतं. थोडक्यात, परका माणूस परका राहूनच शेजारी नांदेल, यहूदी होणार नाही, पण यहूदी माणसाला त्याच्यासोबत बसणं अशक्य होईल असं काही करणार नाही.

यादीत काय नाही तेही बघा. डुक्कर नाही. शब्बाथ नाही. शब्बाथवाली मंडळी यावर कृत्ये १५:२१ दाखवतात, की मोशेचं नियमशास्त्र दर शब्बाथाला सभास्थानांत वाचलं जातं, म्हणजे बाकीचं हळूहळू शिकतीलच असा याकोबाचा हेतू होता. मला हे टिकत नाही असं वाटतं, कारण ते वाक्य याकोबाच्या भाषणात आहे, २३ ते २९ मधल्या पत्रात ते उतरलेलंच नाही, आणि पत्रात स्वच्छ लिहिलंय की या आवश्यक गोष्टींपेक्षा जास्त ओझं तुमच्यावर लादायचं नाही. अंत्युखियातल्या माणसाने पत्र वाचलं, भाषण नाही ऐकलं.

बरं, एवढं ठरून प्रश्न मिटला का? अजिबात नाही. गलतीकरांस २:११ पासून पुढे वाचा. पेत्र अंत्युखियात येतो, ग्रीक बांधवांसोबत जेवत असतो, मग याकोबाकडून काही लोक येतात आणि पेत्र पंगतीतून उठून वेगळा बसायला लागतो, त्याच्यामागे बाकीचे यहूदी, बर्णबासुद्धा. पौल सगळ्यांसमोर त्याला झापतो. ज्या महाराष्ट्रात कोण कुणाच्या पंगतीला बसतो यावर पिढ्यानपिढ्या माणसाची किंमत ठरली, तिथल्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगायची गरज नसावी. सुंता करा असं पेत्र तोंडाने म्हणालाच नव्हता, नुसता उठून गेला, पण त्या उठण्याचा अर्थ ग्रीकांना बरोबर कळला, की आम्ही आत आलोय ते ओसरीपर्यंतच. पेत्राने काय उत्तर दिलं ते पौल लिहीत नाही, आणि पौल जिंकला असता तर त्याने ते नक्की लिहिलं असतं असं बऱ्याच अभ्यासकांसारखं मलाही वाटतं.

पौलाचा युक्तिवाद नीट बघा. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असं गणलं गेलं हे उत्पत्ती १५ मधे, सुंता १७ मधे, आणि नियमशास्त्र तर पौलाच्या हिशोबाने ४३० वर्षांनी. म्हणजे सुंता नसतानाच तो स्वीकारला गेला होता. शिवाय गलतीयाच्या लोकांना तो विचारतो, तुम्हाला आत्मा मिळाला तो नियमशास्त्र पाळून की ऐकून विश्वास ठेवल्याने? आणि एकदा सुंता केलीत तर पूर्ण नियमशास्त्र पाळायला बांधले जाल, अर्धमुर्धं चालणार नाही, हे ५:३ मधे. (५:१२ मधे तर रागाच्या भरात म्हणतो की सुंता करायला लावणाऱ्यांनी स्वतःचं सगळंच छाटून टाकावं. हे वचन प्रवचनात सहसा कुणी घेत नाही!) पण लक्षात घ्या, हे सगळं परराष्ट्रीयांना उद्देशून आहे. यहूद्यांनी सुंता सोडा असं तो कुठेही म्हणत नाही, १ करिंथ ७ मधे उलट सांगतो की बोलावलं तेव्हा ज्या स्थितीत होतात त्याच स्थितीत राहा. तीमथ्याची आई यहूदी होती, तर कृत्ये १६ मधे पौल स्वतः त्याची सुंता करवतो. लोक म्हणतात बघा, दुटप्पी. मला तर तो एकदम सुसंगत वाटतो, तीत ग्रीक म्हणून नाही, तीमथ्य यहूदी आईचा म्हणून हो.

"नियमशास्त्राची कर्मे" हा जो पौलाचा शब्दप्रयोग आहे, तो म्हणजे पुण्य गोळा करून स्वर्ग कमावणं असं आपल्याला शिकवलं गेलं. माझ्या मते पौलाच्या वादात मुद्दा मुख्यतः सुंता, अन्न आणि सण-शब्बाथ यांचा आहे, म्हणजे ज्यावरून यहूदी कोण आणि परका कोण हे लांबूनही कळायचं. आपल्या कोकणातले बेने इस्राएल घ्या, त्यांची श्रद्धा काय ते अलिबाग-पेणच्या शेजाऱ्यांना कदाचित सांगता आलं नसतं, पण शनिवारी यांचा तेलाचा घाणा बंद असतो हे सगळ्यांना माहीत, म्हणून नावच पडलं शनवार तेली. ओळखीच्या खुणा अशाच असतात, आणि त्याच खुणा परक्याच्या अंगावर गोंदायच्या का हा पौलाचा प्रश्न होता.

आता त्या चार अटींचं पुढे काय झालं हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न करिंथात पेटला. तिथल्या अस्क्लेपियस देवाच्या मंदिराजवळ जेवणाच्या खोल्या उत्खननात सापडल्यात, लवंडून जेवायच्या बैठकांसकट, आणि मिसरमधल्या ऑक्सिरिंकसला पपायरसवर लिहिलेलं दुसऱ्या शतकातलं एक आमंत्रण मिळालंय, की खैरेमोन तुम्हाला उद्या १५ तारखेला नवव्या तासापासून सेरापियमात प्रभू सेरापिसच्या पंगतीला बोलावतोय. म्हणजे देवळात जेवण हे लग्न-बारशासारखं साधं सामाजिक आमंत्रण, नाही म्हणालात तर ओळखी तुटल्या, धंदा गेला. पौल काय सांगतो? बाजारात मिळतं ते चौकशा न करता खा, कुणाच्या घरी गेलात तर वाढलेलं खा, पण कुणी सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे तर त्याच्यासाठी खाऊ नका, आणि देवळातल्या पंगतीला मात्र बसू नका. आणि हे सगळं सांगताना यरुशलेमच्या पत्राचा उल्लेखही करत नाही! एकतर ते पत्र त्या तीन प्रदेशांपुरतं होतं, नाहीतर पौल त्याला तेवढं बंधनकारक मानत नव्हता. उलट प्रकटीकरण २ मधे पर्गम आणि थुवतीरा इथल्या लोकांना याच खाण्यावरून सणसणीत बोललंय, आणि डिडाखे या जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत अन्नाबद्दल म्हटलंय की झेपेल तेवढं पाळ, पण मूर्तीला वाहिलेल्यापासून कडकडीत लांब राहा. आपल्याकडे प्रसाद घ्यायचा का यावर मंडळ्यांमधे जे होतं, त्यात दोन्ही बाजूंना नव्या करारात वचनं सापडतात ती याचमुळे.

रक्ताची अट तर आणखी टिकली. इ.स. १७७ मधे गॉलमधल्या (आजचा फ्रान्स) लियों शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तुम्ही लहान मुलं खाता असा आरोप होता, तेव्हा बिब्लिस नावाची बाई छळ सोसत असताना म्हणाली, ज्यांना मुक्या प्राण्यांचं रक्तसुद्धा खायची परवानगी नाही ते मुलं कशी खातील? म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी, यरुशलेमपासून इतक्या लांब, ही अट पाळली जात होती. इ.स. ६९२ च्या ट्रुलो या चर्चच्या परिषदेने रक्त खाण्यावर पुन्हा बंदी घातली, पूर्वेकडच्या चर्चमधे ती अधिकृत आहे. पश्चिमेकडे मात्र ती गळून पडली, आणि त्या मार्गाने आलेला आपला गोव्याचा सोरपोतेल जुन्या पद्धतीत डुकराच्या रक्तासकट शिजतो, म्हणजे याकोबाच्या पत्राला सरळ हरताळ, आणि तोही नाताळात. मी खातो, सांगून टाकतो. इथियोपियाचं चर्च दुसऱ्या टोकाला, तिथे सुंताही होते आणि डुक्करही खात नाहीत.

राहिला कॉन्स्टंटाईन. त्याने इ.स. ३२१ मधे रविवारी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवायचा कायदा केला, शेतीला सूट दिली. पण रविवारी जमण्याचं वर्णन जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या शतकाच्या मध्यातच केलंय, आणि १ करिंथ १६ मधे आठवड्याच्या पहिल्या दिवशी वर्गणी बाजूला काढायला सांगितलंय. तेव्हा रविवार बादशहाने आणला हे चालणार नाही. मात्र तुमच्या भावांचा अर्धा मुद्दा खरा आहे, यहूदी विश्वासणारे शब्बाथ, सुंता सगळं पाळतच होते. कृत्ये २१ मधे याकोब पौलाला सांगतो की हजारो यहूदी विश्वास ठेवणारे झालेत आणि ते सगळे नियमशास्त्राचे कट्टर अभिमानी आहेत, आणि पौल स्वतः मंदिरात जाऊन शुद्धीकरणाचा विधी करतो, चार जणांचा खर्चही उचलतो. पुढे पारडं फिरलं. इ.स. १६० च्या आसपास जस्टिनला प्रश्न पडतो तो उलटा, की येशूला मानून नियमशास्त्रही पाळणाऱ्या यहूद्याचं तारण होईल का, आणि तो म्हणतो होईल, जोवर तो इतरांवर सक्ती करत नाही, पण आमच्यातल्या काहींना हे मान्य नाही. शंभर वर्षांत दारावरचा पहारेकरी बदलला. आणि तरीही इ.स. ३८६-८७ मधे त्याच अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम हा ख्रिस्ती धर्मोपदेशक व्यासपीठावरून संतापून बोलतोय, का, तर त्याचे ख्रिस्ती लोक यहूदी सणांना सभास्थानात जातायत. ती प्रवचनं यहूद्यांबद्दल फार विखारी आहेत आणि पुढे त्यांचा फार वाईट वापर झाला, वाचताना सावध राहा.

गटात चर्चा करायची असेल तर आधी गलतीकर २ वाचा, मग कृत्ये १० ते १५, मग १ करिंथ ८ ते १० आणि शेवटी रोम १४. पौलाचं पत्र कृत्यांच्या आधी लिहिलेलं आहे आणि तो स्वतः त्या खोलीत होता, कृत्यांचा लेखक लूक नंतर लिहितोय आणि त्याला भांडणाच्या कडा घासून गुळगुळीत करायची सवय आहे, म्हणून हा क्रम. रोम १४ ला पोचलात की त्या भावांना शनिवार पाळू द्या आणि डुक्कर सोडू द्या, त्याला पौलाची काहीच हरकत नाही, फक्त "नाहीतर तारण नाही" हे वाक्य आलं की गलतीकर ५ उघडा.